बाबागाडी नाकारणारें मूल

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या दिवशीं आमच्या घरीं एक बाबागाडी आली. चिरंजीवांनीं ती मोठ्या हौसेनें आणली होती. चार चाकें, वर ऊन अडविण्यासाठीं लहानसें छप्पर, मूल निसटूं नये म्हणून पट्टे आणि खालीं सामानासाठीं जाळीची पिशवी, असा तिचा थाट होता. आमचा नातू त्या वेळीं सव्वा वर्षाचा होता. पहिले दोन महिने तो तींत एखाद्या संस्थानिकाच्या ऐटींत बसून सारसबागेपर्यंत जाऊन येत असे. पुढें एके दिवशीं काय झालें कोण जाणे! त्याला उचलून गाडींत ठेवूं लागलों, तों त्यानें सगळें अंग लाकडी फळीसारखें ताठ केलें, दोन्ही टाचा गाडीच्या कडेला रोंवल्या आणि "पायी, पायी" असा आकांत मांडला. शेजारी दारें उघडून पाहूं लागले. त्या दिवसापासून आजवर तो त्या गाडींत बसलेला नाहीं. आणि आतां त्याला दोन वर्षें होऊन वर तीन महिने झाले आहेत.

हा अनुभव केवळ आमच्याच घरचा असता, तर तो आपणांपुढें मांडण्याचें मला कारण नव्हतें. परंतु सायंकाळीं बागेच्या फाटकापाशीं थोडा वेळ उभें राहिलें, म्हणजे रिकामी बाबागाडी एका हातानें ढकलणारी आणि दुसऱ्या हातानें रडतें मूल सांवरणारी एखादी तरी आई दृष्टीस पडतेच. "फार हट्टी झाला आहे," असें ती ओशाळून म्हणते आणि जाणारेयेणारेही मान डोलावतात. मींही ती डोलावली असती. छत्तीस वर्षें मीं मुलांना "जागेवर बसा" हें सांगण्यांत घालविलीं. तेव्हां न बसणारें मूल म्हणजे शिस्तीचा प्रश्न, ही माझी पक्की समजूत होती. ती चुकीची होती हें मला ज्या प्रसंगानें कळलें, तो मला भूषणावह नाहीं. तरी तो प्रथम सांगतों, कारण त्यांत इतरांस सावध करण्याजोगें कांहीं आहे.

जानेवारींतली गोष्ट. बँकेंत एक काम होतें आणि बँक बंद होण्यास वीस मिनिटें उरलीं होतीं. सूनबाई कामावर गेल्या होत्या, घरांत दुसरें कोणी नव्हतें, म्हणून नातवाला बरोबर घेतलें. गाडी त्याला नको, आणि कडेवर घेतला तर माशासारखा निसटूं पाहे. तेव्हां हात धरून निघालों. वाटेंत एक गटाराचें झांकण लागलें. त्याच्या भोंकांत त्यानें वांकून पाहिलें, एक खडा टाकला, खडा पडल्याचा आवाज ऐकला आणि तो दुसरा खडा शोधूं लागला. मीं घड्याळाकडे पाहिलें आणि "चल रे राजा, उशीर होतो आहे," असें म्हणून त्याचा हात ओढला. त्याच क्षणीं त्यानें खालीं बसकण मारली. त्याचें सारें वजन त्या एका हातावर आलें. कांहींतरी सरकल्यासारखें माझ्या बोटांना जाणवलें आणि पोर किंचाळलें. थोड्या वेळानें रडणें थांबलें, पण तो हात कांहीं हालवीना. कोपरांत किंचित् वांकलेला हात पोटाशीं धरून तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. ती नजर मी अजून विसरलों नाहीं.

बँकेचें काम तसेंच राहिलें. जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे धांवलों. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "आजोबा, हात ओढला होता का?" मीं मान खालीं घातली. त्यांनीं मुलाचा तळहात हलकेच फिरवून कोपर वांकविलें. तें एका क्षणाचें काम होतें. दहा मिनिटांत नातू त्याच हातानें टेबलावरची घंटी वाजवूं लागला.

मग डॉक्टरांनीं समजावून सांगितलें तें असें. कोपराखालीं हाताला दोन हाडें असतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचें वरचें टोंक कड्यासारख्या एका अस्थिबंधानें जागेवर धरलेलें असतें. एक ते चार वर्षांच्या मुलांत हा बंध पुरता घट्ट झालेला नसतो. सरळ ताणलेल्या हाताला हिसका बसला, कीं तो हाडाच्या टोंकावरून सरकून सांध्यांत अडकतो. हिसका फार मोठा लागतो असें नाहीं. मुलाला एका हातानें ओढणें, जिन्यावरून हात धरून वर उचलणें, अंगरख्याच्या बाहींतून हात खेंचणें, किंवा दोन्ही हात धरून गंमत म्हणून गरगर फिरविणें, यांतलें काहींही त्यास पुरतें. बहुधा सूज येत नाहीं. मूल फक्त तो हात वापरीत नाहीं. हें दिसतांच डॉक्टरांकडे जावें. घरच्या घरीं हात चोळूं नये कीं बसवूं पाहूं नये. कारण मूल पडलें असेल तर हाड मोडलेलेंही असूं शकतें, आणि तो भेद आपणांस कळत नाहीं. वय वाढलें म्हणजे हा बंध बळकट होतो आणि पांच वर्षांनंतर असें क्वचित् घडतें.

त्या रात्रीं मला नीट झोंप आली नाहीं. मनांत एकच विचार घोळत होता. घाई माझी होती. बँक माझी, घड्याळ माझें. त्या पोराचें काम तर त्या झांकणापाशीं अगदीं व्यवस्थित चाललें होतें. मग सकाळीं उठून मीं, शिक्षकाला जें एक येतें तें, म्हणजे वाचावयास सुरुवात केली.

पहिली गोष्ट लक्षांत आली ती अशी कीं, बाबागाडी ही वस्तु मुलाच्या मागणीवरून जन्मास आलेली नाहीं. इंग्लंडमधील विल्यम केंट या वास्तुकारानें १७३३ सालीं एका ड्यूकच्या मुलांसाठीं लहानसा रथ बनविला, तेव्हांपासून तिचा इतिहास सांगतात. तो रथ बोकडानें किंवा तट्टानें ओढावयाचा होता. आज घरोघर दिसणारी, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी ओवेन मॅक्लॅरेन यांनीं १९६५ सालीं पुढें आणली. हे गृहस्थ विमानांचे अभियंते; दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर विमानाचीं चाकें पोटांत घेण्याच्या रचनेवर त्यांनीं काम केलें होतें. विमानाची सोय मुलाच्या गाडीस लागली आणि आईबापांचे हात मोकळे झाले. हा उपकार लहान नाहीं. परंतु ज्याची सोय झाली तो गाडी ढकलणारा होता, बसणारा नव्हे, हें विसरूं नये. आपल्याकडे बसत्या मुलासाठीं आईची कड होती, निजत्यासाठीं झोळी होती आणि उभें राहूं पाहणाऱ्यासाठीं लांकडाचा पांगुळगाडा होता. पांगुळगाड्यांत मूल बसत नाहीं; तें त्याच्या मागें उभें राहून आपल्या पायांनीं तो ढकलतें. दोन गाड्यांतला हा फरक आमच्या नातवाला न शिकवितां कळला होता.

आतां पायांविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेनें पांच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आपल्या दिल्लींतील मुलेंही होतीं. त्यावरून असें दिसलें कीं, मूल आधारावांचून चालूं लागण्याचें सरासरी वय बारा महिन्यांचें असलें, तरी कोणी सवाआठव्या महिन्यांत चालतें, तर कोणी साडेसतरा महिने घेतें, आणि हीं दोन्ही सुदृढच असतात. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावें. पण एकदां चाललें, कीं तें किती चालतें? न्यूयॉर्क विद्यापीठांतील कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं याची मोजदाद प्रसिद्ध केली. बारा ते एकोणीस महिन्यांचीं मुलें मोकळेपणीं खेळत असतांना ताशीं सरासरी २,३६८ पावलें टाकतात, सुमारें ७०० मीटर अंतर कापतात आणि १७ वेळां पडतात. तासाला सतरा वेळां! आपणांपैकीं कोणास एखादी विद्या शिकतांना तासाला सतरा वेळां आपटावें लागलें, तर दुसऱ्या दिवशीं कोण येईल? मूल मात्र अठराव्यांदा उठतें, आणि उठतांना त्याचा चेहरा बहुधा आनंदी असतो.

या आंकड्यांत दोन्ही गोष्टी आल्या. चालणें ही त्या वयांत मुलाची भूक आहे, आणि त्याचा वेग ताशीं पाऊण किलोमीटरहूनही कमी आहे. आपला जुना कोस घेतला, म्हणजे सुमारें दोन मैल, तर तो चालावयास या गतीनें साडेचार तास लागतील. आमच्या घरापासून बाग एक किलोमीटर आहे. मला एकट्यास तेरा मिनिटें लागतात. नातवाबरोबर एक तास दहा मिनिटें. पूर्वीं मी हा वेळ फुकट गेला असें समजत असें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं जी मार्गदर्शिका काढली, ती सांगते कीं, एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाला दिवसांतून निदान १८० मिनिटें हालचाल मिळावी, आणि बाबागाडींत, उंच खुर्चींत किंवा कोणाच्या पाठीला बांधून त्यास एका वेळीं एका तासाहून अधिक जखडून ठेवूं नये. म्हणजे ती सत्तर मिनिटें हिशेबांत जमेच्या बाजूला पडतात.

मारिया माँटेसोरी १९३९ सालीं भारतांत आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. मोठें माणूस कोठेंतरी पोंचण्यासाठीं चालतें आणि लहान मूल चालण्यासाठींच चालतें, हा भेद त्यांनीं फार आग्रहानें सांगितला आहे. आपली चाल मोठ्यानें मुलाच्या चालीशीं जुळवून घेतली, तर दीडदोन वर्षांचें मूलही कल्पनेपेक्षां पुष्कळ लांब जातें, असें त्यांचें म्हणणें होतें. बालशिक्षणाचा हा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं आपल्या मातींत रुजविला. मीं शिक्षकी पेशांत या मंडळींचीं नांवें कैक वेळां घेतलीं असतील. त्यांचा अर्थ कळण्यास मला एक गटाराचें झांकण लागलें.

असो. तत्त्व कळलें तरी रस्ता पुढें उरतोच. मुलाला घेऊन चालावयाचें कसें? संत जनाबाईच्या एका प्रसिद्ध अभंगांत विठ्ठल संतांना मुलांप्रमाणें बरोबर घेऊन निघाला आहे. त्यांतला एक खांद्यावर आहे, एकाचा हात धरलेला आहे, एक पुढें आहे आणि एक मागून येत आहे. तो अभंग मीं वर्गांत कित्येकदां शिकविला. परंतु मुलाला बरोबर नेण्याच्या चारही रीती त्यांत आल्या आहेत, हें नातू होईपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नाहीं. कोणती रीत कोठें वापरावी, हें कळलें कीं निम्मी अडचण सरते.

मूल पुढें आणि आपण मागें, ही रीत बागेंत, इमारतीच्या अंगणांत, देवळाच्या आवारांत, म्हणजे जेथें वाहन येत नाहीं अशाच ठिकाणीं. तेथें मुलाला वाट ठरवूं द्यावी. तें मुंग्यांची रांग पाहील, पायरी दहा वेळां चढेल-उतरेल, आलेल्या वाटेनें परत फिरेल. आपण हातभर अंतर ठेवून चालावें आणि मोबाईल खिशांत ठेवावा. जुन्या बायका मुलांच्या पायांत वाळे कां घालीत, याचें एक कारण येथें उमगतें. नजर क्षणभर चुकली तरी कान मुलावर राहतो. आतां पीं पीं वाजणारे बूट मिळतात. त्यांचा आवाज शेजाऱ्यांना सोसवला, तर तेही तेंच काम करतात. बूट कोणताही असो, त्याचा तळ हातानें सहज वांकेल इतका मऊ असावा.

मूल मागें रेंगाळतें, तेव्हां आपल्या तोंडीं एक वाक्य हटकून येतें: "मी चाललों बरें, तूं राहा येथेंच!" हें बोलूं नये. दोन वर्षांच्या मुलाला तें खरें वाटतें. मग तें भीतीनें धांवत येतें, आणि आपणांस वाटतें युक्ति साधली. त्याऐवजीं चार पावलें पुढें जाऊन, त्याला आपण दिसूं आणि आपणांस तें दिसेल अशा बेतानें थांबावें, आणि खालीं वांकून पुढची कांहीं गंमत दाखवावी: "हा बघ, पुढच्या खांबावर कावळा बसला आहे." खांबापासून खांबापर्यंत असे मुक्काम केले, कीं लांबची वाट तुकड्यातुकड्यांनीं सरते. रस्त्यावर मात्र मुलाला मागें ठेवण्याची रीत मुळींच वापरूं नये.

हात धरणें ही रस्त्याची रीत. येथें मीं घरांत एक नियम घातला आहे, आणि तो कोणासाठींही वांकत नाहीं. रस्ता आला कीं दोनच मार्ग: हात किंवा कडेवर. तिसरा नाहीं. मुलाला हे दोन पर्याय शांतपणें विचारावे आणि त्यानें निवडलेला पाळावा. "चालतोस का?" असें विचारलें तर उत्तर "नाहीं" असें येतें, "हात देतोस कीं कडेवर येतोस?" असें विचारलें तर त्याला निवड करावी लागते, आणि निवड केल्याचा मान त्यास पुष्कळ असतो. कांहींच निवडलें नाहीं, तर रडलें तरी उचलावें. येथें दया करूं नये. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालणें शाळेंत जाणाऱ्या मुलांनाही नीट साधत नाहीं. दोन वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षाच करूं नये. शिवाय उंच मोटारीच्या चालकास पुढच्या टपाजवळचें एवढेंसें मूल दिसत नाहीं, मागें येणाऱ्या मोटारीच्या चालकास तर नाहींच. म्हणून मुलाला नेहमीं भिंतीच्या बाजूस आणि स्वतःला वाहनांच्या बाजूस ठेवावें. पदपथ नसेल तेथें समोरून येणारीं वाहनें दिसतील अशा, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनें चालावें. हात धरतांना नुसतीं बोटें धरूं नयेत, तीं निसटतात. तळहात धरून आपला अंगठा त्याच्या मनगटावर ठेवावा. पण मूल बसकण मारूं लागलें, कीं हाताला ताण न देतां आपणच खालीं वांकावें, आणि उचलावयाचें झाल्यास दोन्ही काखांखालीं हात घालून उचलावें. ही गोष्ट मी एका पोराच्या कोपराची किंमत देऊन शिकलों. आपण ती फुकट घ्यावी.

राहिलें खांद्यावर. दोन वर्षांच्या मुलाचें वजन साधारण बारा किलो भरतें. खांद्यावर बसविणें हें तरुण बापाचें काम आहे, आणि त्यानेंही दुकानांच्या पाट्या, लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या पाहून तें करावें. माझ्या वयाच्या मंडळींनीं कडेवरच समाधान मानावें. उचलतांना कंबरेंत न वांकतां गुडघ्यांत वांकावें आणि थोड्या थोड्या वेळानें कड बदलावी. मूल दमल्याचीं लक्षणें ओळखावीं. तें वारंवार ठेंचाळूं लागतें, दोन्ही हात वर करतें, किंवा उगाच चिडतें. मुलाला परतीच्या वाटेचा हिशेब येत नाहीं. अंगांत असेल तेवढी शक्ति तें जातांनाच खर्च करून टाकतें. तो हिशेब आपण ठेवावा. त्याचा उत्साह निम्मा असतांनाच परत फिरावें, म्हणजे शेवटचा थोडाच भाग कडेवर न्यावा लागतो.

श्रोतेहो, मुलाबरोबर चालूं लागल्यावर आपलें शहर वेगळें दिसूं लागतें. दोन वर्षांच्या मुलाची उंची सुमारें ८६ सेंटिमीटर असते. आपल्या देशांतील रस्त्यांच्या आंखणीचे दंडक ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१२ सालीं पादचाऱ्यांसाठीं जे दंडक दिले, त्यांत पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षां अधिक नसावी आणि चालण्यास मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी, असें म्हटलें आहे. ही १५ सेंटिमीटरची पायरी मुलाच्या उंचीच्या प्रमाणांत पाहिली, तर साडेपांच फुटी माणसाला ती जवळजवळ एक फुटाची होते. हें दंडक पाळलेल्या पदपथाचें झालें. प्रत्यक्षांत आमच्या वाटेवर कोठें दोन फूट उंच चढ, कोठें उखडलेल्या फरशा, तर कोठें पदपथावर ओळीनें उभ्या केलेल्या दुचाकी. अशा वाटेवर बाबागाडी तरी कोठें चालते? सव्वाशे पावलांत ती चार वेळां उचलून रस्त्यावर उतरवावी लागते. गाडी नाकारून नातवानें आमचें फारसें नुकसान केलें नाहीं, असें मला कधीं कधीं वाटतें.

हवेचाही विचार करावा लागतो. मोटारींचा धूर जमिनीलगत अधिक दाट असतो. २०१८ सालीं इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, बाबागाडींतील मूल मोठ्या माणसापेक्षां साठ टक्क्यांपर्यंत अधिक दूषित हवा घेतें. चालणाऱ्या मुलाचें नाकही त्याच उंचीवर असतें. म्हणून हमरस्त्यापेक्षां आंतली गल्ली बरी, मग ती थोडी लांबची कां असेना. उन्हाळ्यांत तापलेल्या डांबराची झळही त्याला आपणांपेक्षां अगोदर लागते. चैत्र-वैशाखांत सकाळीं आठच्या आंत किंवा सूर्य कलल्यावरच निघावें, आणि पाणी बरोबर असावें.

पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचारी धोरण मंजूर केलें. जंगली महाराज रस्त्यावर त्यानंतर रुंद पदपथ झाले, बसावयास बांक आले, आणि तेथें आमचा नातू माझा हात न ओढतां चालतो. २०२५ सालच्या मे महिन्यांत तर सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, चालण्याजोगा पदपथ मिळणें हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालय आपलें काम करील. आपणांकडे एक लहानसें काम राहतें. आपल्या घरची दुचाकी आपण पदपथावर उभी करणार नाहीं, एवढें प्रत्येक घरानें ठरविलें, तरी पुष्कळ मुलांना वाट मिळेल. मींही पूर्वीं ती उभी करीत असें. ज्या दिवशीं नातवाला आमच्याच स्कूटरला वळसा घालून रस्त्यावर उतरावें लागलें, त्या दिवसापासून ती आंत लावतों, जरी तिला बाहेर काढण्यास रोज पांच मिनिटें अधिक लागतात.

शेवटीं घरांतल्या व्यवस्थेविषयीं. आम्हीं बाहेर जाण्याचे दोन भाग केले आहेत. एक कामाचें जाणें, एक चालण्याचें जाणें. बँक, दवाखाना, आगगाडी गांठणें, हें कामाचें जाणें. त्यांत वेळ बांधलेला असतो, म्हणून नातवाला शक्यतों घरीं ठेवतों. न्यावेंच लागलें तर रिक्षा करतों किंवा कडेवर घेतों, आणि निघण्यापूर्वीं त्याला तसें सांगतों. चालण्याचें जाणें सायंकाळीं. त्यांत घड्याळ पाहावयाचें नाहीं आणि कोठें पोंचलेंच पाहिजे असेंही नाहीं. कित्येकदां आम्ही बागेपर्यंत जातच नाहीं. कोपऱ्यावरच्या कल्हईवाल्यापाशींच आमची सायंकाळ सरते. हे दोन भाग एकमेकांत मिसळले, कीं हिसका बसतो. माझी चूक तेवढीच होती. मीं चालणाऱ्या मुलाला कामाच्या वाटेवर नेलें.

बाबागाडीचा मी शत्रु नाहीं. आजारी मूल, जुळीं भावंडें, लांबचा प्रवास, किंवा जिच्या पाठीला ओझें झेपत नाहीं अशी आई, यांना तिचा मोठा आधार आहे. ज्या मुलाला तींत बसणें आवडतें, त्यास ओढून चालवावें, असेंही मी म्हणत नाहीं. फक्त तिच्या दांड्याला जड पिशव्या अडकवूं नयेत. मूल उतरतांच ती मागच्या मागें कलंडते. आमची गाडी मोडींत गेलेली नाहीं. गेल्या पावसाळ्यानंतर नातवानें तिला स्वतःच नवें काम शोधून दिलें. तो तिच्या मागें उभा राहतो आणि दोन्ही हातांनीं ती ढकलतो, अगदीं पांगुळगाड्यासारखी. आसनावर भाजी, खालीं दुधाच्या पिशव्या. मंडईंतल्या ओळखीच्या भाजीवाल्या मावशी त्याला विचारतात, "काय हमालदादा, किती घेणार?" तो गंभीरपणें एक कोथिंबिरीची काडी मागून घेतो.

एक गोष्ट मात्र मीं कोणास सांगितली नव्हती, ती आज सांगतों. निवृत्त झाल्यापासून माझे गुडघे दुखतात. चिरंजीवांबरोबर चालावयास गेलों, तर ते पुढें जाऊन थांबतात आणि माझी वाट पाहतात. बोलत नाहींत, पण मला तें कळतें. नातवाबरोबर चालतांना मला कोणी थांबून पाहत नाहीं. आमची चाल सध्यां सारखी आहे. ती फार दिवस सारखी राहणार नाहीं. त्याची वाढेल, माझी कमी होईल. मग एके दिवशीं एखाद्या पदपथाच्या कडेशीं तोच माझा हात धरील, आणि मला पाऊल उचलण्यास वेळ लागेल. त्या वेळीं त्यानें माझा हात ओढूं नये, असें मला वाटतें. आणि तें त्याला शिकविण्याचे दिवस आतांचे आहेत.